कर्करोगाची कड वाचणारा माणूस : डॉ. वसंत रामजी खानोलकर

गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलातून पाने तोडून, पुडे बांधून फडीवर मोजून दिली जातात आणि त्याच पानांच्या विड्या पुढे वर्षभर वळल्या जातात. दुसरीकडे पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा हातोहात जातो. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटला की खर्रा तयार. दिवाळीनंतरच्या मंडईत, रात्रीच्या नाटकात, लग्नाच्या मांडवात, धानाच्या बांधावर तो पाहुणचार म्हणून पुढे केला जातो. आणि मग एखाद्याचा घास तोंडात जाईनासा होतो, गालात आतून न भरणारी जखम दिसते, डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवतात आणि चार ओळींचा अहवाल येतो.

त्या चार ओळी लिहिणारा डॉक्टर रुग्णाला बहुधा कधी दिसत नाही. तो असतो विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. भारतात या शास्त्राला ज्यांनी उभे केले आणि तोंडाच्या कर्करोगाचे बोट तंबाखूच्या पुडीकडे वळवले, त्यात पहिल्या मानाचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे आहे. आधुनिक भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना वैद्यकविश्व ओळखते. ज्या भागात खर्रा आणि विडी घराघरात आहे, तिथे मात्र त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

क्वेट्टा ते लंडन, लंडन ते परळ

खानोलकर हे आडनाव कोकणातले, पण वसंतरावांचा जन्म झाला तो थेट बलुचिस्तानातल्या क्वेट्टा येथे, १३ एप्रिल १८९५ रोजी. कुटुंब गोमंतक मराठा समाजातले. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम.डी. पदवी त्यांनी मिळवली. त्या काळी विलायतेहून मोठी पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरपुढे मुंबईत उत्तम चालणाऱ्या दवाखान्याची वाट मोकळी होती. खानोलकरांनी प्रयोगशाळा आणि वर्ग निवडला.

मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. परळचे हे महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झालेले, म्हणजे त्या वेळी अगदी नवे. त्या काळातली पाठ्यपुस्तके विलायतेत लिहिलेली होती. त्यातले रोगही तिकडचे. इथल्या विद्यार्थ्याला शवविच्छेदनाच्या टेबलावर आणि काचपट्टीवर जे दिसे, ते पुस्तकातल्या प्रमाणात बसत नसे. ही तफावत म्हणजे अपवाद नव्हे, तोच अभ्यासाचा विषय आहे, हे खानोलकरांनी ओळखले.

काचपट्टीवर काय दिसते?

खानोलकरांचे काम समजायचे तर विकृतिशास्त्रज्ञ नेमके काय पाहतो हे समजून घ्यायला हवे. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवला जातो. मग त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात आणि मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप घेतात. काप काचेवर चढवून रंगवले की पेशींची केंद्रके निळसर-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. गाठ कोणती, हे पेशींच्या रूपावरून कळते. गाठ किती वाईट, हे कळण्यासाठी मात्र बऱ्याचदा तिच्या कडेकडे पाहावे लागते.

काही गाठी वाढतात, पण शेजाऱ्याच्या घरात शिरत नाहीत. मेंदूवरच्या आवरणातून उगवणाऱ्या मेनिंजिओमा या गाठीचे उदाहरण घेता येईल. बहुतेक मेनिंजिओमा वर्षानुवर्षे सावकाश वाढतात आणि मेंदूला नुसते ढकलत, दाबत राहतात. गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये सीमारेषा शाबूत असते. मात्र काही थोड्या मेनिंजिओमांची कड तुटक होते आणि पेशी जिभेसारख्या मेंदूच्या ऊतीत घुसतात. अशी घुसखोरी दिसली की गाठीची श्रेणी वरची धरतात, कारण ती पुन्हा उगवण्याची भीती वाढते. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेंदूत शिरलेली मेनिंजिओमा एवढ्या एका कारणावरूनही दुसऱ्या श्रेणीत टाकली जाते.

तोंडाच्या कर्करोगात हीच सीमा फार लवकर ओलांडली जाते. गालाच्या आतल्या अस्तराखाली एक अतिशय पातळ पडदा असतो. विकृत पेशी या पडद्याच्या वर आहेत तोवर तो कर्करोग झालेला नसतो, कर्करोगपूर्व अवस्था असते. पडदा भेदून पेशी खाली उतरल्या की कर्करोग. तिथून पुढे त्या स्नायूत जातात, जबड्याच्या हाडात जातात, चेतातंतूंच्या कडेकडेने सरकतात आणि लसिकावाहिन्यांतून मानेतल्या गाठींपर्यंत पोहोचतात. पेशी स्वतःच विकरे सोडून वाटेतल्या ऊती विरघळवतात. जबडा उघडबंद करणाऱ्या स्नायूत शिरकाव झाला की तोंड उघडेनासे होते, हाडात झाला की दात हलू लागतात, चेतातंतूला धरले की कानापर्यंत कळ जाते. रुग्ण ज्या तक्रारी घेऊन येतो, त्यातल्या बऱ्याच या घुसखोरीच्या असतात.

हजार रुग्णांचा हिशेब

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात कर्करोग फारसा होत नाही, तो पाश्चात्त्यांच्या राहणीचा रोग आहे, असा समज चांगल्या शिकलेल्या लोकांतही होता. त्याला तडा देणाऱ्या नोंदी तुरळक होत्या. त्रावणकोरमधल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पान-तंबाखू खाणाऱ्यांतल्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल लिहिले होते. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद झाली होती. १९३० च्या दशकात नाथ आणि ग्रेवाल यांनी देशभरातल्या रुग्णालयांच्या व शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून दाखवले की भारतात कर्करोग दुर्मीळ नाही. सरासरी आयुष्य कमी असल्याने कर्करोगाच्या वयापर्यंत पोहोचणारेच कमी होते, आणि पोहोचले तरी निदान होत नव्हते.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. खानोलकर तिथे प्रयोगशाळा आणि संशोधनाचे संचालक झाले. कर्करोगासाठीच उभारलेल्या या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येऊ लागले आणि प्रत्येकाचा तुकडा खानोलकरांच्या विभागात येऊ लागला. निदान सांगून फाईल बंद करणे एवढ्यावर त्यांनी काम थांबवले नाही. रुग्ण कुठला, कोणत्या समाजातला, काय खातो, काय ओढतो, तोंडात पुडी कुठे धरतो आणि गाठ नेमकी कुठे उगवली, याची सांगड ते घालत गेले.

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. लागोपाठचे हा शब्द इथे महत्त्वाचा. सोयीचे रुग्ण निवडले, तर हवा तो निष्कर्ष काढता येतो. दारात आलेला प्रत्येक रुग्ण मोजला, तर ती सोय राहत नाही. पाश्चात्त्य देशांच्या आकडेवारीत ज्याला किरकोळ जागा होती, तो तोंडाचा कर्करोग इथे मोठ्या रोगांपैकी एक आहे, हे जगापुढे आले.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, सहकारी डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी सवयींशी जोडलेल्या कर्करोगाचे भारतातले तीन नवे प्रकार मांडले. पहिला खैनीचा. तंबाखू चुन्यासोबत मळून खालचा ओठ आणि हिरडी यांच्या खाचेत ठेवणाऱ्यांना नेमका तिथेच कर्करोग होत होता. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीवर, विशेषतः बायकांत, गावठी चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची पद्धत होती. त्यांचा कर्करोग टाळूवर येत होता, जिथे एरवी तो क्वचितच दिसतो. तिसरा धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेल्या धोतराच्या घर्षणाने आधी कातडीचा रंग बदले, ती जाड होई आणि काहींत तिथे कर्करोग होई. असाच प्रकार पुढे साडीच्या गाठीखालीही नोंदला गेला.

या तीन प्रकारांत एक धागा होता. सवय बदलली की कर्करोगाची जागा बदलते. रोग नशिबाने किंवा रक्तातूनच आला असता, तर तो असा पुडीच्या, पेटत्या टोकाच्या आणि गाठीच्या मागे मागे फिरला नसता.

रक्त की सवय?

तरीही वंशाचा प्रश्न त्यांनी झटकून टाकला नाही. मुंबईसारख्या शहरात एकाच हवेत, एकाच पाण्यावर अनेक समाज राहत होते आणि बहुतेक लग्ने समाजातल्या समाजात होत होती. संशोधकासाठी ही तयार प्रयोगशाळाच. पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी, तर इतर अनेक समाजांत उलटे, असे फरक खानोलकरांनी टिपले. एल. डी. संघवी यांच्यासह १९४९ मध्ये त्यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजगटांतली रक्तगटांसारखी सात आनुवंशिक लक्षणे तपासून प्रसिद्ध केली. भारतातल्या मानवी आनुवंशिकीच्या सुरुवातीच्या कामांत ते धरले जाते.

खानोलकरांच्या कामातला पुढचा मोठा टप्पा १९५५ चा. संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. विषय होता तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध. त्यांनी कर्करोगाच्या रुग्णांसोबत कर्करोग नसलेल्या लोकांच्याही सवयी विचारल्या, म्हणजे तुलना करता आली. चघळणाऱ्यांत मुख्यतः तोंडाच्या पोकळीतला, तर विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाचा आणि घशाकडचा कर्करोग अधिक दिसला. पश्चिमेत सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरचे गाजलेले अभ्यास १९५० मधले. त्यानंतर पाचच वर्षांत परळमधून विडी आणि चघळण्याच्या तंबाखूवरचे हे काम पुढे आले होते.

जगाने त्यावर शिक्कामोर्तब करायला वेळ घेतला. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त पान माणसात कर्करोग घडवते, असे १९८५ मध्ये जाहीर केले. तंबाखू नसली तरी निव्वळ सुपारीही कर्करोगकारक आहे, हे २००४ च्या अहवालात आले. खर्ऱ्यात या दोन्ही गोष्टी एकत्र असतात आणि चुना त्यांना अस्तरात मुरायला मदत करतो.

महारोगाच्या शोधात

खानोलकरांच्या अभ्यासाचा दुसरा मोठा विषय कुष्ठरोग होता. पूर्व विदर्भाला हा रोग नवा नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात त्याचे रुग्ण आजही सापडतात. कुष्ठरोग म्हणजे कातडीचा रोग, ही सर्वसाधारण समजूत. खानोलकरांनी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांतले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कातडीवर फारसे काही दिसत नसतानाही जंतू बारीक चेतातंतूंमध्ये बसलेले त्यांना आढळले. लक्षणांआधीची ही मूक अवस्था आणि चेतातंतूंच्या वाटेने होणारा प्रसार यांवरचे त्यांचे काम १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विशेष अहवाल म्हणून प्रसिद्ध केले. बधिर चट्टा दिसताच उपचार का सुरू करायचे, याचे कारण इथे आहे. चट्टा दिसण्याआधीच नसेला धक्का बसायला सुरुवात झालेली असू शकते.

कर्करोग आणि कुष्ठरोग हे दोन वेगळे आजार. पण खानोलकरांची पाहण्याची रीत एकच होती. रोग दिसतो तिथे नसतो, तर कुठवर पोहोचला आहे तिथे असतो.

माणसे आणि संस्था

१९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. खानोलकर त्याचे संस्थापक-संचालक. पुढे हीच संस्था कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली गेली आणि १९६६ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाशी जोडली जाऊन दोन्ही मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. शेजारी रुग्णालय आणि भिंतीपलीकडे प्रयोगशाळा, ही रचना खानोलकरांच्या कामाला साजेशी होती. रुग्णाच्या गाठीतून प्रश्न निघावा आणि त्याचे उत्तर पुन्हा रुग्णाकडे जावे.

पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. ऊती संवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, प्रयोगशाळा त्यांनी इथे उभी केली आणि स्तनाच्या कर्करोगावर मोलाचे काम केले. कुष्ठरोग्यांच्या तुकड्यांतून मिळालेला जंतू रणदिवे, बापट आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये नोंदवला. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू हे नाव मिळाले आणि त्यावरून पुढे कुष्ठरोगाविरुद्धच्या लसीचे प्रयत्न झाले.

देशाबाहेरही खानोलकरांचा शब्द ऐकला जात होता. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे ते अध्यक्ष होते. संयुक्त राष्ट्रांच्या अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांवरील वैज्ञानिक समितीत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग व कुष्ठरोग तज्ज्ञमंडळांत त्यांनी काम केले. भारतातल्या विकृतिशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान आणि पद्मभूषण त्यांना मिळाले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग उपचार, संशोधन आणि शिक्षण केंद्र आहे. तिथल्या प्रयोगशाळांच्या इमारतीचे नाव खानोलकर शोधिका आहे. कर्करोगाच्या पेशी सीमा कशा ओलांडतात, हा प्रश्न तिथल्या संशोधनात आजही आहे.

मिलिमीटरचा प्रश्न

खानोलकरांनी लावलेल्या या शिस्तीचा रुग्णाला काय उपयोग, याचे उत्तर आजच्या उपचारपद्धतीत मिळते. तोंडाच्या कर्करोगाचा टप्पा ठरवताना पूर्वी गाठीची रुंदी तेवढी मोजत. आता ती किती खोल उतरली हेही मोजतात. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेली नसेल तर पहिला टप्पा. तीच त्याहून खोल गेली असेल तर गाठ वरून तेवढीच दिसत असूनही टप्पा पुढचा. आरशात दिसते ती रुंदी. खोली काचपट्टीवर कळते.

खोल गेलेल्या पेशी मानेतल्या लसिकाग्रंथींत लपून बसल्या असण्याची शक्यता अधिक. मान हाताला साफ लागत असेल, तर तिथल्या ग्रंथी लगेच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा शल्यविशारदांतला जुना वाद होता. त्याचा निकाल परळच्याच टाटा मेमोरियलमध्ये लागला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या रुग्णांच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. थांबून पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे शंभरामागे बारा-तेरा जीव. तोंडाच्या कर्करोगाचे हजार रुग्ण जिथे एकेक करून मोजले गेले, त्याच रुग्णालयातून सत्तर वर्षांनी जगभरचे उपचार बदलणारे उत्तर आले.

गोंदियासाठी याचा अर्थ

मुंबई गोंदियापासून रेल्वेने जवळजवळ हजार किलोमीटर. नागपूर सुमारे १३०. या अंतरापेक्षाही रुग्णाला महाग पडतो तो घरात गेलेला वेळ. तोंडात तिखट झोंबू लागल्यापासून डॉक्टरकडे जाईपर्यंत महिने जातात. कधी दाढेचे दुखणे म्हणून, कधी उष्णता म्हणून, कधी रोवणी-कापणी आटोपू दे म्हणून. तेवढ्यात गाठ पडदा ओलांडून हाडापर्यंत पोहोचते. सुरुवातीला लहान शस्त्रक्रियेत निभावले असते, तिथे जबड्याचा भाग काढावा लागतो आणि नंतर किरणोपचारही घ्यावे लागतात.

तोंड आधी इशारे देते. गालात पांढरा, न खरवडता येणारा चट्टा. लाल, मखमलीसारखा डाग. तिखट न सोसणे. गालाचे अस्तर आतून कडक, दोऱ्यांसारखे लागणे आणि तोंड कमी उघडणे. या शेवटच्या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्याचे मुख्य कारण सुपारी आहे. विशी-पंचविशीतल्या खर्रा खाणाऱ्या मुलांतही तो दिसतो. एकदा कडक झालेले अस्तर सहसा पूर्ववत होत नाही, पण सवय तिथेच सुटली तर पुढची वाटचाल रोखता येऊ शकते. घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील, तर तोंड तपासून घ्यावे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, अचानक हललेला दात किंवा मानेत लागणारी गाठ असेल, तर दुखत नसले तरीही तपासणी करून घ्यावी. सुरुवातीचा कर्करोग अनेकदा दुखतच नाही.

तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत गावोगावी आहे आणि तिच्यामुळे अनेकजण बायोप्सीला नकार देतात. ती चुकीची आहे. तुकडा न काढता गेलेल्या महिन्यांत मात्र रोग खात्रीने पुढे सरकतो. बायोप्सीशिवाय उपचार ठरत नाहीत. खोली, कड, चेतातंतू यांची माहिती दुसऱ्या कोणत्याही तपासणीत तेवढ्या नेमकेपणाने मिळत नाही.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तीस वर्षांवरील लोकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात विचारता येते. नागपुरात कर्करोगाची स्वतंत्र रुग्णालये आहेत आणि पात्र कुटुंबांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च मिळू शकतो.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी पानठेल्यावर पन्नी घोटली जातेच, आणि या जिल्ह्यात हजारो हातांना विडी आणि तेंदूपत्त्याने काम दिले आहे, हेही खरे. विडी वळणाऱ्या बाईच्या पोटाचा प्रश्न आणि खर्रा खाणाऱ्या तिच्या मुलाच्या तोंडाचा प्रश्न एकाच घरात नांदतो. खानोलकरांच्या नोंदवहीत कोणाला दोष दिलेला नव्हता. तिथे पुडी कुठे ठेवली आणि गाठ कुठे आली, एवढेच लिहिलेले होते. तेवढ्यावरून आज प्रत्येकाला करता येईल अशी गोष्ट एकच आहे. पुडी ज्या गालात धरली जाते, तो गाल उजेडात, आरशासमोर, महिन्यातून एकदा नीट पाहणे. आणि सोडायची इच्छा असेल, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक फिरवणे.